चितळांचा उन्हाळी चारा आणि उठलेल्या गावांची कुरणे: पार्श्वभूमी

व्याघ्रप्रकल्प येण्याआधी जंगलातले गवत हा महसुलाचा विषय होता. कुरणांचे लिलाव होत, चराईचे पैसे भरले जात. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, १९७३-७४मध्ये मेळघाट पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांत गेले, आणि गाभ्यातली, म्हणजे प्रकल्पाच्या सर्वात संरक्षित भागातली, चराई व कापणी हळूहळू थांबली. पुढे मोकळ्या जागांवर झुडपे चढू लागली.

मध्य प्रदेशातल्या कान्ह्यात १९७०मध्ये बारशिंगे, म्हणजे दलदलीतली मोठी हरणे, जेमतेम ६६ उरले होते. गावे हलली, शेतांवर उंच गवत वाढले, बारशिंगा सावरला. मात्र बारशिंग्याला पाडस लपवायला उंच गवत हवे असते, तर चितळाला आखूड, कोवळे. त्यामुळे तो धडा मेळघाटच्या चितळांना जसाच्या तसा लागू होत नाही.

मेळघाटात बोरी, कोहा, कुंड ही गावे २०००नंतरच्या पहिल्या काही वर्षांत उठली. २००८मध्ये पुनर्वसनाची रक्कम कुटुंबामागे दहा लाख झाली, २०२१मध्ये पंधरा लाख. पण रिकामे शेत आपोआप कुरण होत नाही. नांगरट बंद झाली की पहिल्याच पावसात तरोटा आणि रानतुळस ही तणे सगळे व्यापतात. चितळ त्यांना फारसे तोंड लावत नाही.

खरी अडचण फेब्रुवारीनंतरची. वाळलेल्या गवतातली प्रथिने तीन-चार टक्क्यांवर येतात. सातच्या खाली गेली की रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटातले जिवाणू नीट काम करत नाहीत. मग मोहाची फुले, पळसाची फुले आणि वानरांनी खाली टाकलेला पाला यांवर कळप तगतात.

ही तूट भरायला स्टायलो पेरावा की नाही, यावर सर्वाधिक वाद झाला आहे. पडीक जमिनींवरच्या चारा योजनांमुळे हे मूळचे अमेरिकेच्या उष्ण पट्ट्यातले द्विदल महाराष्ट्राच्या चांगले ओळखीचे आहे. नत्र स्थिर करते, हलक्या जमिनीत तगते, गवत वाळल्यावरही त्याचा पाला पौष्टिक राहतो. कठीण कवचाचे बी गरम पाण्यातून काढून एक सेंटिमीटरपेक्षा खोल न जाऊ देता टाकले की काम झाले. पेरणाऱ्यांचे म्हणणे खोटे नाही. अडचण अशी की पावसाळ्यात जनावर स्टायलो सोडून गवतच खाते. गवत मागे पडते, स्टायलो बी धरतो आणि काही वर्षांत कुरण त्याचेच होते. उत्तर ऑस्ट्रेलियाच्या गायरानांत हे घडले, जमीनही आम्ल झाली. गोठ्यातली जनावरे आलटूनपालटून चारता येतात, जंगलातली नाही. म्हणून गाभ्यात स्टायलो नको, ही बाजू आम्हाला ठामपणे पटते.

स्थानिक गवताचा रस्ता लांबचा आहे. तरोटा ऑगस्टमध्ये, फुलावर येण्याआधी, ओल्या जमिनीतून मुळासकट उपटायचा. कापला तर बुडखा पुन्हा फुटतो, आणि शेंगा धरल्यावर उपटला तर उपटणाराच बी पसरवतो. बी मातीत वर्षानुवर्षे टिकत असल्याने सलग तीन पावसाळे तरी हे करावे लागते. ट्रॅक्टरची नांगरट टाळावी, ती पुरलेले बी वर आणते.

मारवेल, पवन्या या स्थानिक गवतांचे बी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये टप्प्याटप्प्याने गोळा करतात, कारण ते एकदम पिकत नाही. ताजे बी सुप्तावस्थेत असते. ते पुढच्या जूनमध्ये, मातीत घोळवून, वरवरच पेरायचे. रोपवाटिकेतले ठोंब ५० × ५० सेंटिमीटरवर लावले तर हेक्टरी ४०,००० लागतात. पहिल्या वर्षी बोरी-बाभळीच्या काट्यांचे कुंपण नसेल तर चितळे कोवळे ठोंब मुळासकट उपटून खातात, आणि मजुरी वाया जाते.

उन्हाळ्याची सोय मात्र पेरणीपेक्षा कापणीने होते. काळ्या जमिनीत ओल असतानाच, नोव्हेंबरच्या आसपास, कुरणाचा एक तृतीयांश भाग पट्ट्यांनी कापला की नवे फुटवे येतात. जुन्या शेतांचे बांध शाबूत ठेवले तर ती ओल आणखी टिकते. डिसेंबर उलटल्यावर कापले तर फुटवा येत नाही, फक्त उघडी जमीन उरते. उरलेले दोन भाग उभेच ठेवायचे, त्यांतूनच पुढच्या वर्षीचे बी मिळते.