धुरा, कागद आणि झटका मशीन

मामाच्या वावराचा धुरा, म्हणजे बांध, दरवर्षी थोडा थोडा सरकतो. वर्ध्याकडची काळी जमीन, एका अंगाला नाला आणि दुसऱ्या अंगाला शेजाऱ्याचं पंचवीस एकर. शेजारी काही रात्रीतून येऊन दगड उपटत नाही. उन्हाळवाहीत ट्रॅक्टर वळवताना तो धुऱ्याचा एक तास, म्हणजे नांगराची एक ओळ, खातो, पुढच्या वर्षी आणखी एक. जिथून बंडी जायची तिथून आता एकट्या माणसालाही जपून चालावं लागतं.

मग तंटामुक्ती समितीत बैठक झाली, स्टॅम्प पेपरवर समझोता लिहिला गेला, पाच साक्षीदारांनी सह्या केल्या. मामाने तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ट्रंकेत ठेवला. दोन हंगाम नीट गेले. तिसऱ्या वर्षी ट्रॅक्टर पुन्हा वळला, तेव्हा मामा ती पिशवी काखेत मारून साक्षीदारांकडे निघाला. पहिल्याच घरी उत्तर मिळालं, "आमी सही केली ते तुमी दोघायनं आमच्यासमोर सही केली म्हणून. भांडाले येऊ, असं कुठी लिवलं हाय? दाखव."

मामाने कागद उलटसुलट वाचला. तसं खरंच कुठे लिहिलेलं नव्हतं.

५ डिसेंबर १९९४ रोजी हंगेरीच्या राजधानीत, बुडापेस्टला, असाच एक कागद झाला. सोव्हिएत संघ फुटल्यावर युक्रेनच्या जमिनीवर लांब पल्ल्याची सुमारे १,९०० अण्वस्त्रं राहिली होती. आकड्याने तो जगातला तिसरा मोठा साठा. ती सोडून देण्याच्या बदल्यात रशिया, अमेरिका आणि ब्रिटन यांनी युक्रेनला लिहून दिलं की तुमच्या सीमांचा मान राखू, बळ वापरणार नाही, धमकी देणार नाही, आर्थिक दबाव आणणार नाही. येल्त्सिन, क्लिंटन, जॉन मेजर आणि युक्रेनचे कुचमा, अशा चौघांच्या सह्या. जून १९९६ पर्यंत शेवटचं अस्त्रही रशियात पोचलं. २०१४ मध्ये रशियाने युक्रेनचा क्रिमिया द्वीपकल्प घेतला आणि २४ फेब्रुवारी २०२२ रोजी फौजा थेट राजधानी कीवच्या दिशेने निघाल्या.

यावर पारावरची ठरलेली प्रतिक्रिया अशी असते, की अणुबाँब देऊन बसले म्हणून भोगताहेत. मला ते निम्मंच पटतं. अस्त्रं युक्रेनच्या जमिनीवर असली तरी ती डागण्याचे गुप्त संकेतांक मॉस्कोच्या हातात होते. शिवाय अणुबाँब म्हणजे काही माळ्यावर ठेवलेली तलवार नव्हे, की काढली आणि चालवली. स्फोटाचा जोर वाढवायला आधुनिक अस्त्रांत ट्रिटियम वापरतात. हा हायड्रोजनचाच किरणोत्सारी भाऊबंद. त्याचा अर्धायुकाल साधारण १२.३ वर्षं, म्हणजे एवढ्या काळात तो आपसूक निम्मा होतो. तो ठरावीक वर्षांनी भरावा लागतो, आणि भरण्याची सगळी व्यवस्था रशियात होती. ती नव्याने उभारायची तर प्रचंड पैसा हवा, आणि देश तर नुकताच दिवाळखोरीच्या कडेला उभा होता. ते संकेतांक फोडून स्वतःची व्यवस्था बसवणं युक्रेनच्या इंजिनिअरांना अशक्य नव्हतं, पण तोवर सगळं जग विरोधात गेलं असतं. तेव्हा सौदा मूर्खपणाचा होता असं मी म्हणणार नाही. हातात जे होतं त्यातून जेवढं निघेल तेवढं त्यांनी काढलं. गोम होती ती कागदाच्या भाषेत.

सोसायटीचं कर्ज काढलेल्या कुणालाही साक्षीदार आणि जामीनदार यांतला फरक समजवावा लागत नाही. कर्ज थकलं की वसुलीवाले जामीनदाराच्या ओसरीवर येऊन बसतात. साक्षीदाराच्या दारात कोणी येत नाही. बुडापेस्टच्या इंग्रजी मसुद्यात 'अ‍ॅश्युरन्स' हा शब्द आहे, आपल्या भाषेत ग्वाही. 'गॅरंटी', म्हणजे हमी, हा शब्द अमेरिकेने तिथे येऊ दिला नाही, कारण हमी म्हटलं की सैन्य पाठवण्याची जबाबदारी गळ्यात पडते. गंमत अशी की युक्रेनी आणि रशियन प्रतींत हमी या अर्थाचाच शब्द आहे. एकाच कागदात एका बाजूला जामीनदार आणि दुसऱ्या बाजूला नुसता साक्षीदार!

आतली कलमंही तशीच. हल्ला झाला तर संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडून तातडीने मदत मिळवून देऊ असं एक कलम सांगतं, पण त्याला शेपूट आहे, हल्ल्यात अण्वस्त्रं वापरली तरच. शेवटचं कलम म्हणतं, वचनांबद्दल प्रश्न उभा राहिला तर आपण सगळे सल्लामसलत करू. मार्च २०१४ मध्ये युक्रेनने ते कलम वापरून पाहिलं. पॅरिसला बैठक ठरली. रशियाचे परराष्ट्रमंत्री तेव्हा पॅरिसमध्येच होते, बैठकीला तेवढे आले नाहीत.

राहिली सुरक्षा परिषद. २५ फेब्रुवारी २०२२ रोजी तिथे रशियाच्या निषेधाचा ठराव आला. ११ देशांनी हात वर केला, भारत, चीन आणि संयुक्त अरब अमिराती तटस्थ राहिले आणि एक मत विरोधात पडलं, रशियाचं. त्या एका मतात नकाराधिकार असल्याने ठराव मेला. त्या महिन्यात परिषदेचं अध्यक्षपदही पाळीप्रमाणे रशियाकडे होतं. ज्याच्यावर तक्रार तोच बैठकीचा अध्यक्ष, हे ऐकून गावच्या कुठल्याही समितीचा अनुभव असलेला माणूस हसेल. आमच्या समितीतही शेजाऱ्याचा साडू होताच. पुढे २ मार्चला महासभेत १४१ विरुद्ध ५ असा ठराव झाला, १६ मार्चला आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १३ विरुद्ध २ मतांनी लष्करी कारवाई थांबवा असा आदेश दिला. त्या तेरांत आपले न्यायमूर्ती दलवीर भंडारी होते. तोफा थांबल्या नाहीत. न्यायालयाकडे आदेश असतो, तहसीलदाराबरोबर येणारा पोलीस बंदोबस्त नसतो.

हीच यंत्रणा १९९० मध्ये मात्र चालली होती. २ ऑगस्टला इराकने कुवेत गिळलं, त्याच दिवशी परिषदेचा ठराव झाला, नोव्हेंबरअखेर बळ वापरायला परवानगी मिळाली आणि फेब्रुवारी संपताना कुवेत मोकळं झालं. इराककडे नकाराधिकार नव्हता आणि कुवेतखाली तेल होतं, एवढाच फरक.

आता यात विज्ञान कुठे, असं कुणी विचारेल. गेम थिअरी नावाची गणिताची एक शाखा नेमका हाच प्रश्न सोडवत बसलेली असते, की वचन देणं आणि वचन पाळणं या दोन वेगळ्या वेळच्या गोष्टी आहेत. देताना ते फुकट असतं. पाळायची वेळ येते तेव्हा हिशेब नव्याने मांडला जातो. माझी पोरं मरू देऊ का, अणुयुद्धाचा धोका पत्करू का, आणि तोही दुसऱ्याच्या धुऱ्यासाठी? हा हिशेब आपल्याआधी हल्लेखोराने करून ठेवलेला असतो. समोरचा येणार नाही अशी त्याची खात्री पटली, की कागद तिथेच संपला, पहिली गोळी सुटायच्या आधी.

त्यावरचा उपाय आमच्याकडच्या कपाशीला दिसतो. रानडुकरांसाठी आता गावोगाव झटका मशीन आहे. एक सोलर पाटी, बारा व्होल्टची बॅटरी, डबा आणि शेताभोवती तार. डबा तारेत साधारण सेकंदाला एक ठोका सोडतो. दाब काही हजार व्होल्टचा, पण वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी, म्हणून जनावर चमकतं, मरत नाही. (घरची लाइन थेट तारेत सोडणारे महाभाग वेगळे. त्यात डुकरांबरोबर माणसंही जातात, आणि बातमी दरवर्षी असतेच.) रात्री वावरात उभं राहिलं की डब्याची टिक-टिक ऐकू येते. पूर्वी जागलीला माणूस असायचा. तो झोपायचा, भ्यायचा, लग्नाला जायचा, आणि डुकरांना ते कळायचं. मशीनला काही ठरवायचं नसतं. नाक लागलं की झटका. म्हणून एकदोनदा चाटून गेलेला कळप पुढे तारेपासून लांबच राहतो, तार ढिली असली तरी.

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ थॉमस शेलिंग यांनी शीतयुद्धाच्या काळात हेच मांडलं. त्यांना २००५ मध्ये याच क्षेत्रातल्या कामासाठी नोबेल मिळालं. पश्चिम बर्लिनमध्ये अमेरिका, ब्रिटन आणि फ्रान्स या दोस्तांचे काही हजार सैनिक होते, चहूबाजूंनी सोव्हिएत फौजांनी वेढलेले. ते शहर वाचवू शकले नसते, आणि हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांचं काम तारेचं होतं. हल्ला झाला तर ते मरतील, आणि मग वॉशिंग्टनला वचन पाळू की नको हा विचार करायची सोयच उरणार नाही. नाटोने, म्हणजे अमेरिका आणि युरोपातल्या देशांच्या लष्करी युतीने, २०१७ पासून एस्टोनिया, लाटविया, लिथुआनिया आणि पोलंडमध्ये साधारण हजार-हजारांच्या तुकड्या बसवल्या, त्याही याच हिशेबाने.

नाटोच्या नुसत्या कागदावर विसंबावं म्हटलं तर तोही पातळच आहे. प्रसिद्ध पाचव्या कलमात एकावरचा हल्ला सगळ्यांवरचा मानू असं लिहिलंय खरं, पण पुढे प्रत्येक देश 'आवश्यक वाटेल ती' कारवाई करेल अशी मोकळीक आहे. हे कलम आजवर एकदाच लागू झालं, २००१ मध्ये, अमेरिकेवरच्या हल्ल्यानंतर. तरी रशियाशी १,३०० किलोमीटरहून लांब धुरा असलेला फिनलंड एप्रिल २०२३ मध्ये आत गेला. त्यामागे कागद आहे, तसे तळ, सराव आणि एकत्र बांधलेल्या फौजाही आहेत.

मित्रदेश वेळेवर येतात किती? यावर आकडेवारीचा एक छान घोळ झालेला आहे. १९८० मध्ये अ‍ॅलन साब्रॉस्की यांनी १८१६ पासूनची युद्धं मोजून सांगितलं की फक्त २७ टक्के वेळा मित्र बाजूने लढले. हा आकडा वीस वर्षं फिरत राहिला. २००० मध्ये लीड्स, लाँग आणि मिशेल या तीन संशोधकांनी एक साधी गोष्ट केली. करारात नेमकं काय लिहिलंय ते वाचलं. कुणी फक्त तटस्थ राहण्याचं वचन दिलं होतं, कुणी ठरावीक शत्रूपुरतंच. जे लिहिलं होतं तेवढंच मोजलं तर वचनं पाळली गेल्याचं प्रमाण जवळपास ७५ टक्के निघालं. माझ्या मामाचा साक्षीदार या हिशेबात वचनभंग करणारा ठरत नाही!

पण याही आकड्यात एक खाच आहे. पुराचं पाणी बांध जिथे पोकळ तिथेच शिरतं, आणि मग आपण फुटलेले बांध मोजून म्हणतो की बांध कुचकामी असतात. ज्या करारांना हल्लेखोर घाबरला, तिथे युद्धच झालं नाही, म्हणून ते यादीत आलेच नाहीत. मजबूत करार दिसत नाहीत, हा या विषयातला सगळ्यात मोठा मोजमापाचा त्रास आहे.

आपल्याकडची उदाहरणं शोधायला लांब जायला नको. चीनबरोबरचा पंचशील करार २९ एप्रिल १९५४ चा, मुदत आठ वर्षांची. जून १९६२ मध्ये तो संपला, २० ऑक्टोबरला चिनी फौजा आल्या. आणि खुद्द वऱ्हाड? डिसेंबर १८०३ मध्ये गाविलगड पडला, देवगावच्या तहात नागपूरकर भोसल्यांनी वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख सोडला आणि तो निजामाकडे गेला. निजामाच्या रक्षणाची जबाबदारी ईस्ट इंडिया कंपनीने घेतली होती, शाळेत शिकलेली ती तैनाती फौज. त्याखेरीज कंपनीच्या अधिकाऱ्यांखालची आणखी एक फौज निजामाच्या खर्चाने पोसली जात होती. तिचा पगार थकत गेला, कर्ज चढलं, आणि १८५३ मध्ये त्यापोटी कंपनीने वऱ्हाड आपल्या ताब्यात घेतलं. रखवालीसाठी ठेवलेल्याने रखवालीच्या बिलात वावर नेलं. सुरक्षा करारावर बोलताना युरोपातली उदाहरणं देणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगतो.

मामा आता समझोत्याचा कागद काढत नाही. सरकारी मोजणी झाली, भूकरमापकाने खुणा दाखवल्या, दगड रोवले गेले. पण त्याचा खरा भरवसा दुसऱ्याच गोष्टीवर आहे. नाल्याकडच्या विहिरीतून शेजाऱ्याची पाइपलाइन मामाच्या वावराखालून जाते, तोंडी परवानगीवर. "धुरा कोरला का पाइप तोडतो," मामा म्हणतो. यंदा धुरा जागेवर आहे.

मी त्याला क्रिमियाच्या कालव्याची गोष्ट सांगितली. क्रिमियाचं बहुतेक पाणी त्या कालव्याने युक्रेनमधून यायचं. २०१४ नंतर युक्रेनने तो बांध घालून अडवला, तिथली शेती वाळली. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियन फौजा आल्या आणि पहिल्या काही दिवसांतच त्यांनी तो बांध उडवला.

मामा बराच वेळ काही बोलला नाही. मग उठला आणि झटका मशीनची बॅटरी उतरली का ते पाहायला टॉर्च घेऊन वावरात गेला.