ट्रेनर म्हणजे जिमवाला नव्हे

आपल्याकडे ट्रेनर म्हटलं की जिममधला "अजून दोन मार, अजून दोन" करणारा दादा आठवतो. अमेरिकेतला ॲथलेटिक ट्रेनर वेगळाच, खेळाडू पडला की पहिला धावत जातो तो. आपल्या क्रिकेट टीमचा फिजिओ डोळ्यासमोर आणा, साधारण त्या जातीचं काम, सेम नाही.

सुरुवात १८८१ ची धरतात, हार्वर्डने जेम्स रॉबिन्सनला अमेरिकन फुटबॉल टीमची (आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे) तयारी करून घ्यायला ठेवलं तेव्हाची. त्या काळी ट्रेनर म्हणजे बादली, टॉवेल नि मालिश. शिक्षण वगैरे काही नाही, तालमीतले वस्ताद कसे बघून बघून हाड बसवायला शिकायचे तसंच. आणि चुकाही तशाच, प्रॅक्टिसमध्ये पाणी दिलं की पोरं ढिली पडतात असं कित्येक वर्षं मानायचे, वर मिठाच्या गोळ्या चारायचे! १९६५ मध्ये फ्लोरिडात डॉ. रॉबर्ट केडनी गेटोरेड, म्हणजे घामात गेलेलं पाणी-मीठ भरून काढायचं पेय, बनवलं ते याच भानगडीतून.

कॅन्ससच्या क्रॅमर बंधूंचं तर भारीच, त्यातल्या चकचा घोटा मुरगळला म्हणून त्याने घरीच चोळायचं औषध केलं, त्यातून कंपनी निघाली, १९३२ च्या ऑलिम्पिकला दोघं भाऊ अमेरिकन टीमबरोबर, आणि मग गावोगावच्या ट्रेनरना शिकवायचं कामही यांच्याच कंपनीने अंगावर घेतलं.

ट्रेनर लोकांची राष्ट्रीय संघटना १९३८ ला झाली, महायुद्धात बंद पडली, १९५० ला कॅन्सस सिटीत परत उभी राहिली. सर्टिफिकेटची परीक्षा थेट १९७० ला, आणि डॉक्टरांच्या संघटनेने हा आरोग्यसेवेतला पेशा म्हणून मान्य केला १९९० मध्ये. म्हणजे तोवर शंभरेक वर्षं हे लोक पडेल ते काम करत होते, त्यामुळे एकेकाचं करिअर बघा कसं फिरतं. ओथो डेव्हिस आधी ड्यूक युनिव्हर्सिटीत, मग बाल्टिमोर कोल्ट्स, मग १९७३ पासून फिलाडेल्फिया ईगल्स (दोन्ही अमेरिकन फुटबॉलच्या टीम), आणि हे सगळं सांभाळत १९८९ पर्यंत संघटनेचा कारभारही त्यांच्याचकडे. आता तर कारखाने, लष्कर, बॅले कंपन्या, सगळीकडे ट्रेनर असतात.

टीव्हीवर मात्र ते क्वचितच दिसतात. २ जानेवारी २०२३ ला सिनसिनाटीत अमेरिकन फुटबॉलच्या मॅचमध्ये बफेलो बिल्स टीमचा खेळाडू डमार हॅमलिन मैदानातच कोसळला, हृदय बंद, तेव्हा छाती दाबून सीपीआर दिला तो त्याच टीमचा असिस्टंट ट्रेनर डेनी केलिंग्टनने. पुढच्या सीझनला हॅमलिन परत खेळला.