अमेरिकेत कीडनाशक फवारणीचा परवाना: प्रशिक्षणाचे तास भरून नूतनीकरण कसे करायचे

अमेरिकेत काही कीडनाशकांच्या वापरावर निर्बंध आहेत. ती विकत घ्यायला आणि फवारायला प्रमाणपत्र लागते, नाहीतर प्रमाणित माणसाच्या थेट देखरेखीखाली काम करावे लागते. १९७२च्या कायदादुरुस्तीतून ही पद्धत आली. पर्यावरण संरक्षण संस्थेच्या २०१७च्या सुधारित नियमांनुसार किमान वय १८ आहे आणि प्रमाणपत्र जास्तीत जास्त ५ वर्षे चालते. नंतर पुन्हा परीक्षा द्या किंवा मान्य प्रशिक्षण पूर्ण करा. नोकरीधंदा सांभाळून अभ्यासाला बसण्यापेक्षा बहुतेकांना प्रशिक्षण परवडते.

पण ही ५ वर्षे म्हणजे फक्त कमाल मर्यादा. मुदत आणि तास प्रत्येक राज्य आपापले ठरवते, त्यामुळे शेजारच्या राज्यातल्या मित्राचे ऐकून चालत नाही. कॅलिफोर्नियात व्यावसायिक परवानाधारकाला २ वर्षांत २० तास भरावे लागतात आणि त्यातले किमान ४ तास कायदे-नियमांचे हवेत. टेक्सासमध्ये व्यावसायिक परवाना दरवर्षी नवा करायचा असतो आणि त्यासाठी ५ क्रेडिट (प्रशिक्षण मोजायचे एकक) लागतात. कायदे-नियम, फवारा भरकटू न देणे आणि एकात्मिक कीड व्यवस्थापन (रसायनांसोबत इतर उपायही वापरून कीड आटोक्यात ठेवणे) या तीन विषयांपैकी कोणत्याही दोन विषयांत प्रत्येकी किमान एक क्रेडिट हवेच.

गाडी अडते ती नेमकी इथे. तण, बुरशी, उंदीर यांवरची व्याख्याने रंगतात, म्हणून माणसे तीच निवडतात. बेरीज २० भरते, पण कायद्याचे तास कमी पडले की त्या बेरजेचा उपयोग नाही. कायद्याचे तास आधी उरकावेत, कंटाळवाणे असले तरी.

दुसरी अडचण मान्यतेची. अभ्यासक्रम कितीही चांगला असला तरी राज्याने तो मंजूर केलेला नसेल तर तास धरले जात नाहीत. म्हणून शुल्क भरण्याआधी राज्याच्या मंजूर यादीत त्याचे नाव पाहा. ऑनलाइन वर्गात ओळख पडताळतात. नुसता व्हिडिओ चालू ठेवून उठून गेल्यास हजेरी लागेलच असे नाही.

कागदपत्रे फार नाहीत: नूतनीकरणाचा अर्ज, शुल्क आणि प्रत्येक वर्गाचे पूर्णत्व प्रमाणपत्र. त्यावर आपले नाव, तारीख, विषय आणि तास बरोबर आहेत ना, हे वर्गातून निघण्याआधीच बघा. अर्जासोबत मागितली नाहीत तरी ही प्रमाणपत्रे जपून ठेवा, कारण नंतर तपासणीत दाखवावी लागू शकतात.

हाताखाली बिनपरवाना माणसे निर्बंधित कीडनाशके फवारत असतील तर त्यांचे प्रशिक्षण मागच्या १२ महिन्यांतले असावे लागते. ते पाहण्याची जबाबदारी देखरेख करणाऱ्या परवानाधारकाचीच. राज्य बदलणार असाल तर जुना परवाना तिथे आपोआप चालत नाही; नवे राज्य तो मान्य करते का, हे सामान बांधण्याआधी विचारून घ्या.