रेकॉर्ड प्लेयरचे कार्ट्रिज : बदली व निवड

तबकडीच्या खाचेतून जाणाऱ्या सुईच्या कंपनांचे विद्युत् संकेतांत रूपांतर करणाऱ्या, भुजेच्या टोकाशी बसविलेल्या भागास कार्ट्रिज म्हणतात. चलचुंबक प्रकारात (सुईबरोबर चुंबक हलतो) सुईच्या टोकाचा हिरा झिजल्यावर बहुधा केवळ सुई बदलता येते. चलवेटोळे प्रकारात (सुईबरोबर तारेचे वेटोळे हलते) सामान्यतः संपूर्ण कार्ट्रिजच बदलावे लागते.

स्टिरिओ चलचुंबक कार्ट्रिजचे जनकत्व वादग्रस्त आहे. जर्मनीतील एलाक आणि अमेरिकेतील शुअर या दोन्ही कंपन्यांकडे ते दिले जाते. शुअरचे एम3डी 1958 मध्ये आले, तर एलाकचे काम 1957 च्या सुमाराचे मानतात. दोघांनी जवळजवळ एकाच वेळी, स्वतंत्रपणे ही रचना साधली हे मत अधिक सयुक्तिक वाटते. खाचेच्या दोन भिंतींवर दोन वेगळे ध्वनी कोरण्याची कल्पना त्याहून जुनी असून ती ॲलन ब्लुमलाइन यांच्या 1931 च्या ब्रिटिश पेटंट-अर्जात आढळते.

बदली निवडताना कार्ट्रिजच्या लौकिकापेक्षा भुजेशी त्याचा मेळ महत्त्वाचा असतो. भुजेचे परिणामी वस्तुमान (हलताना सुईच्या ठिकाणी जाणवणारे), कार्ट्रिज आणि स्क्रू यांची ग्रॅममधील बेरीज घेऊन तिला सुईच्या लवचिकतेने (मायक्रोमीटर प्रति मिलिन्यूटन) गुणावे व येणाऱ्या गुणाकाराच्या वर्गमूळाने 159 ला भागावे, म्हणजे अनुस्पंदनाची, अर्थात भुजा व कार्ट्रिज मिळून आपोआप जोराने डुलण्याची, वारंवारता हर्ट्‌झमध्ये मिळते. ती साधारण 8 ते 12 असावी. खाली गेल्यास वाकड्या तबकडीवर सुई डगमगते, वर गेल्यास संगीताच्या मंद्र भागाला बाधा येते. मात्र जपानी उत्पादक लवचिकता बहुधा 100 हर्ट्‌झला मोजून देतात आणि 10 हर्ट्‌झच्या लवचिकतेचा अंदाज घेण्यासाठी त्या आकड्याला दीड ते दोनने गुणण्याचा प्रघात आहे. जपानच्या प्रसारण संस्थेसाठी 1960 च्या दशकाच्या आरंभी घडविलेल्या डेनॉन डीएल-103 चे वजन 8.5 ग्रॅम व छापील लवचिकता 5 आहे. 10 ग्रॅमच्या भुजेवर, स्क्रूंचा अर्धा ग्रॅम धरून, छापील आकड्याने सुमारे 16 हर्ट्‌झ येतात, तर दुप्पट धरल्यास साडेअकरा. हा प्रघात अचूक नियम नसला, तरी छापील आकडा जसाच्या तसा वापरण्यापेक्षा तो ग्राह्य होय. या कार्ट्रिजला जड भुजा मानवते हा जाणकारांचा अनुभवही त्याच्याशी जुळतो.

चलचुंबक कार्ट्रिज साधारण 3 ते 6 मिलिव्होल्ट देते आणि त्यास 47 किलो-ओहमचा विद्युत् भार लागतो. डीएल-103 सारखे चलवेटोळे केवळ 0.3 मिलिव्होल्ट देत असल्याने रोहित्र किंवा अधिक संवेदनशील प्रवर्धक आवश्यक ठरतो.

सुईचे टोक खाचेच्या रुंदीनुसार घ्यावे. स्टिरिओ तबकडीस सुमारे 18 मायक्रोमीटर त्रिज्येचे गोल टोक चालते, पण 78 फेऱ्यांच्या लाखेच्या तबकडीस सुमारे 75 मायक्रोमीटरचे लागते. जुने मराठी नाट्यसंगीत अशाच तबकड्यांवर असल्याने संग्राहकांनी त्यासाठी स्वतंत्र सुई ठेवणे अगत्याचे आहे. बारीक टोक खाचेच्या तळाशी घासते व खरखर वाढते.

जुन्या सुटसुटीत यंत्रांत रोशेल क्षाराच्या स्फटिकाची कार्ट्रिजेही आढळतात. हा क्षार दमट हवेत बिघडतो, म्हणून कोकणासारख्या प्रदेशात ती टिकणे कठीण. त्यांच्या जागी सिरॅमिक कार्ट्रिज बसविणे हा सरळ उपाय होय. चुंबकीय कार्ट्रिज घालायचे झाल्यास वेगळा फोनो-प्रवर्धक (कार्ट्रिजचा क्षीण संकेत वाढविणारा) लागतो, शिवाय अशा यंत्रांच्या भुजेचा सुईवरील भार बहुधा त्यास झेपत नाही.