कृष्णधवल प्रिंटचे रासायनिक संरक्षण

कृष्णधवल छायाचित्राचा कागदी प्रिंट विटू नये, पिवळा पडू नये यासाठी तो तयार होतानाच त्यावर काही रासायनिक प्रक्रिया करतात. हायपो (चित्र पक्के करणारे रसायन) नीट धुऊन काढणे, टोनिंग (चांदीवर दुसऱ्या द्रव्याची प्रक्रिया) आणि शेवटचे स्थिरक द्रावण हे त्यांतले मुख्य टप्पे. वार्निश किंवा लॅमिनेशन प्रिंटच्या वर बसते. टोनिंग मात्र चित्रातल्या चांदीचेच रूप बदलते. म्हणून वार्निशपेक्षा टोनिंगचा भरवसा कितीतरी अधिक.

चित्र बिघडते कसे ते आधी पाहावे लागते. नेहमीच्या ब्रोमाइड प्रिंटमध्ये कागदावर बेरियम सल्फेटचा पांढरा थर असतो, त्यावर जिलेटिन आणि जिलेटिनमध्ये धातुरूप चांदीचे अतिसूक्ष्म कण. काळेपणा दिसतो तो या कणांचाच. कण इतके बारीक असतात की त्यांचा पृष्ठभाग प्रचंड होतो आणि हवेतले गंधकयुक्त वायू, ओझोन, ताज्या तैलरंगाची वाफ, हलक्या पुठ्ठ्यातून आणि लाकडातून सुटणारी पेरॉक्साइडे या सगळ्यांची झळ त्यांना लागते. चांदीचे ऑक्सिडीकरण होऊन आयन बनतात, दमट जिलेटिनमधून ते सरकतात आणि पृष्ठभागाशी पोहोचून पुन्हा धातू होऊन बसतात. घरातला आजी-आजोबांचा लग्नाचा फोटो खिडकीशी नेऊन तिरपा धरला, की गडद भागांवर, विशेषतः कडांना, निळसर आरशासारखी झाक दिसते ती हीच. समोरून पाहताना ती लक्षातही येत नाही.

दुसरा शत्रू प्रिंटच्या पोटातच राहिलेला असतो. डेव्हलपरनंतर, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या द्रावणानंतर, न वापरले गेलेले सिल्व्हर हॅलाइड (चांदीचे प्रकाशसंवेदी क्षार) विरघळवण्यासाठी प्रिंट सोडियम थायोसल्फेटच्या, म्हणजे हायपोच्या, द्रावणात ठेवतात. हेच फिक्सिंग आणि ते द्रावण म्हणजे फिक्सर. हायपोचा हा गुण इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी १८१९ मध्ये नोंदवला आणि १८३९ मध्ये छायाचित्रणाला त्याचा उपयोग झाला. चित्र टिकू लागले ते हायपोमुळे. पण तोच कागदात राहून गेला तर पुढे त्याचे विघटन होते, त्यातल्या गंधकाने चांदीचे सल्फाइड बनते आणि चित्र तपकिरी-पिवळे होऊन फिके पडते.

हे कोडे पहिल्यांदा पद्धतशीरपणे हाताळले ते लंडनच्या फोटोग्राफिक सोसायटीने. कोळशाच्या धुराने भरलेल्या त्या शहरात दहा-बारा वर्षांचे प्रिंटही डोळ्यांदेखत विटू लागले होते. १८५५ मध्ये सोसायटीने त्यासाठी खास समिती नेमली आणि राणी व्हिक्टोरियाचे पती प्रिन्स अल्बर्ट यांनी या कामाला ५० पौंडांची देणगी दिली. अपुऱ्या धुण्यामुळे उरलेला हायपो, हवेतला गंधक आणि ओल ही विटण्याची कारणे समितीने दाखवली आणि उपाय म्हणून सोन्याच्या टोनिंगची शिफारस केली. पावणेदोनशे वर्षांनंतरही या निदानात फारसे खोडण्यासारखे काही नाही. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी त्याच्या आदल्या वर्षी, १८५४ मध्ये, स्थापन झाली होती. समुद्राच्या दमट हवेत काम करणाऱ्या तिथल्या मंडळींना ओलीचा प्रश्न लंडनपेक्षा जवळचा होता.

कोणत्याही टोनरआधी फिक्सिंग आणि धुणे आले. इथे केलेली हयगय पुढे सोन्यानेही भरून निघत नाही. फिक्सर दमलेला असेल तर त्यात चांदीची अशी संयुगे बनतात जी पाण्यात नीट विरघळत नाहीत. मग प्रिंट तासन्‌तास नळाखाली ठेवला तरी ती निघत नाहीत आणि कालांतराने पांढऱ्या भागांवर पिवळे डाग उमटतात. म्हणून दोन ट्रे ठेवायचे. पहिल्यात बहुतेक काम होते, दुसरा ताजा ट्रे उरलेसुरले काढतो. पहिला दमला की टाकून द्यायचा, दुसरा पुढे सरकवायचा आणि त्याच्या जागी नवा भरायचा. दुसरी चूक प्रिंट फिक्सरमध्ये फार वेळ ठेवण्याची. फायबर कागद, म्हणजे प्लॅस्टिकचा थर नसलेला साधा कागद, हायपो शोषून घेतो आणि धाग्यांत खोल गेलेला हायपो परत काढणे जिकिरीचे होते. यावर इल्फर्ड या छायाचित्र-साहित्याच्या कंपनीने सांगितलेला क्रम मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो: तीव्र अमोनियम थायोसल्फेटमध्ये (हायपोच्याच जातीचा, जलद फिक्सर) फक्त ६० सेकंद, ५ मिनिटे वाहते पाणी, १० मिनिटे हायपो काढणारे द्रावण, पुन्हा ५ मिनिटे पाणी. हायपोला धाग्यांत शिरायला वेळच मिळत नाही. उन्हाळ्यात नळाला करंगळीएवढी धार असलेल्या गावात हा क्रम पाणीही वाचवतो.

हायपो काढणारे द्रावण म्हणजे मुख्यतः सोडियम सल्फाइटचे साधारण २ टक्क्यांचे पाणी. समुद्राच्या पाण्यात प्रिंट लवकर धुऊन निघतात, असे दिसून आले आणि त्या शोधातून क्षारांचा हा उपयोग पुढे आला. (समुद्राच्या पाण्यानंतर गोड्या पाण्याने धुणे अर्थातच सक्तीचे.) एकेकाळी हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अमोनियाचे मिश्रण वापरून हायपोचा शेवटचा कणही नष्ट करत. ती पद्धत आता मागे पडली, कारण अगदी अल्प प्रमाणात उरलेला हायपो चांदीला उलट थोडे संरक्षण देतो, असे नंतर आढळले.

प्रिंट धुतला गेला का, हे डोळ्यांना कळत नाही; ते एका थेंबाने कळते. ७.५ ग्रॅम सिल्व्हर नायट्रेट आणि २८ टक्क्यांचे १२५ मिलिलिटर अ‍ॅसिटिक आम्ल पाण्यात मिसळून एक लिटर द्रावण करायचे. ओल्या प्रिंटच्या पांढऱ्या किनारीवर त्याचा एक थेंब टाकून दोन मिनिटे थांबायचे आणि टिपून घ्यायचे. डाग जितका तपकिरी, तितका हायपो शिल्लक. जेमतेम फिकट पिवळसर खूण राहिली तर प्रिंट चांगला धुतला गेला. हे द्रावण बोटांना लागले तर काळे डाग पडतात आणि लवकर जात नाहीत. उरलेल्या चांदीसाठी अशीच चाचणी सोडियम सल्फाइडच्या थेंबाने होते.

सोन्याचे टोनिंग सर्वांत जुने. फ्रेंच शास्त्रज्ञ इपोलित फिझो यांनी १८४० मध्येच दागेरोटाइपच्या, म्हणजे चांदीचा मुलामा दिलेल्या पत्र्यावरच्या सुरुवातीच्या छायाचित्रांच्या, पत्र्यावर सोन्याच्या क्लोराइडचा प्रयोग केला होता. पुढे अंड्याच्या पांढऱ्या बलकावर काढलेल्या अल्ब्युमेन प्रिंटसाठी सोने जवळजवळ अनिवार्य झाले. उन्हात थेट उमटणाऱ्या त्या प्रिंटमधले चांदीचे कण फारच लहान, म्हणून विटण्याची भीती अधिक. सोन्याने विटकरी रंगाचे चित्र जांभळट तपकिरी होई आणि टिकाऊही. जुन्या अल्ब्युमेन प्रिंटमध्ये आपल्याला आवडणाऱ्या रंगातली ती जांभळट झाक बरीचशी सोन्याचीच आहे. ब्रोमाइड कागदासाठी कोडॅकचे जीपी-१ हे सूत्र प्रसिद्ध आहे: ७५० मिलिलिटर पाण्यात १ टक्क्याच्या गोल्ड क्लोराइडचे १० मिलिलिटर, वेगळ्या पाण्यात विरघळवलेले १० ग्रॅम सोडियम थायोसायनेट आणि एकूण एक लिटर. सुमारे १० मिनिटांत काळ्या रंगात किंचित निळी छटा येते. प्रश्न फक्त खर्चाचा.

सेलेनियम टोनर छायाचित्रकारांचा विशेष लाडका, आणि अमेरिकन छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स यांनी तो नियमित वापरल्याने त्याला आणखी मान मिळाला. चांदीचे सिल्व्हर सेलेनाइड होते, गडद भाग आणखी खोल दिसतात आणि कागदाच्या जातीप्रमाणे थंड काळ्यापासून वांग्याच्या जांभळटपर्यंत छटा येते. परंतु त्याची एक खोड आहे: सेलेनियम आधी गडद भाग पकडते. पातळ द्रावणात दोन-तीन मिनिटे बुडवून, रंग बदलायच्या आत बाहेर काढलेल्या प्रिंटमध्ये उजळ भागांतली विरळ चांदी तशीच उघडी राहते, आणि विटण्याची सुरुवात तर तिथूनच होते. ‘रंग न बदलता संरक्षण’ ही कल्पना सोयीची असली तरी खरी नाही. रंग बदलला नाही म्हणजे बरीचशी चांदी बदलली नाही. सेलेनियमची संयुगे विषारी आहेत, तेव्हा हातमोजे आणि मोकळी हवा हवीच.

सल्फाइडची, म्हणजे सेपिया, पद्धत याच्या नेमकी उलटी चालते. धुतलेला प्रिंट पोटॅशियम फेरिसायनाइड आणि पोटॅशियम ब्रोमाइडच्या द्रावणात ठेवला की चेहरे, कपडे, झाडे एकामागून एक विरून जातात आणि ट्रेमध्ये फिक्या पिवळसर रेषा उरतात. पहिल्यांदा करणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. पाणी देऊन तो सोडियम सल्फाइडमध्ये सोडला, की काही सेकंदांत सगळे चित्र तपकिरी होऊन परत येते. आता ते सिल्व्हर सल्फाइडचे असते. हायपोने विटलेल्या प्रिंटमध्येही सल्फाइडच असते, मग फरक काय? तिथे ते अर्धवट, बेशिस्त आणि वर्षानुवर्षे बनत गेलेले; इथे प्रत्येक कण एकाच वेळी आणि पूर्णपणे बदललेला, त्यामुळे हवेला करण्यासारखे काही उरत नाही. या रसायनाला सडक्या अंड्यांचा वास येतो आणि सुटणाऱ्या वायूने न वापरलेला कागद धुरकटतो, म्हणून हे काम डार्करूमबाहेर करावे. वास नको असेल तर थायोयुरिया आणि कॉस्टिक सोडा वापरतात. अमेरिकेतल्या रॉचेस्टर येथील इमेज पर्मनन्स इन्स्टिट्यूटने मायक्रोफिल्मवर केलेल्या चाचण्यांत पॉलिसल्फाइडची, म्हणजे चांदीचे सल्फाइडच करणारी, प्रक्रिया सोने व सेलेनियमपेक्षा अधिक भरवशाची ठरली. उजळ भागांना हलका सेपिया आणि मग गडद भागांना सेलेनियम असा जोड दिला, तर दोन्हीकडचा बचाव होतो.

रंग अजिबात बदलायचा नसेल तर स्थिरक वापरतात. अ‍ॅग्फा कंपनीचे सिस्टान हे त्यातले ओळखीचे नाव. आज अ‍ॅडॉक्स ही कंपनी तसेच द्रावण अ‍ॅडोस्टॅब नावाने विकते. त्यातला घटक पोटॅशियम थायोसायनेट. शेवटच्या धुण्यानंतर प्रिंट एक मिनिट बुडवून, न धुता, वाळवायचा. पुढे कधी चांदीचे आयन सुटले तर तिथल्या तिथे त्यांचे रंगहीन, उजेडात न काळवंडणारे सिल्व्हर थायोसायनेट होते. प्लॅस्टिकचा थर असलेल्या आरसी कागदासाठी ते विशेष उपयोगी, कारण त्या थरातल्या टायटॅनियम डायऑक्साइडवर उजेड पडून ऑक्सिडीकरण करणारी द्रव्ये बनू शकतात. काचेमागे बंद चौकटीत टांगलेल्या जुन्या आरसी प्रिंटवर नारिंगी ठिपके दिसतात ते याचेच.

आपल्याकडच्या उष्ण हवेत आणखी एक बाब सांभाळावी लागे. कोमट पाण्यात जिलेटिन फुगून कडेला सुटे, म्हणून फिक्सरमध्ये पोटॅश अ‍ॅलम, म्हणजे तुरटी, घालून ते कठीण करत. पण कठीण झालेल्या जिलेटिनमधून हायपो हळू निघतो आणि टोनरही हळू शिरतो, त्यामुळे अशा प्रिंटला धुण्याचा वेळ वाढवून द्यावा लागतो.

या सर्व प्रक्रिया नव्याने काढलेल्या प्रिंटसाठी आहेत. संग्रहातल्या किंवा घरातल्या जुन्या मूळ प्रिंटला टोनर लावू नये: झालेला बदल परत फिरवता येत नाही, जुने जिलेटिन पाण्यात सुटू शकते आणि मागचा शिक्का, शाईतली नावे जातात. त्याला कोरडी जागा, आम्लविरहित कागदाचे पाकीट आणि रंगकामाच्या दिवसांत घराबाहेरचा मुक्काम द्यावा.