थर्मामीटरसोबतची चिठ्ठी: चॉकलेटच्या थराची बदाम टॉफी

टॉफी बिघडली की पहिला आळ थर्मामीटरवर येतो. म्हणून आधी त्याचीच परीक्षा घ्या. खळखळ उकळत्या पाण्यात धरा, टोक बुडाला टेकू देऊ नका. समुद्रसपाटीला १०० अंश सेल्सिअस दिसायला हवेत. ९७ दिसले, तर तुम्ही उंचावर राहत असाल किंवा थर्मामीटर कमी दाखवत असेल. दोन्हींवर उपाय एकच: खाली दिलेल्या आकड्यांतून ३ वजा करा.

साहित्य: बटर २२५ ग्रॅम, साखर २०० ग्रॅम, पाणी २ मोठे चमचे, लिक्विड ग्लुकोज १ मोठा चमचा, मीठ पाव छोटा चमचा, भाजून जाडसर चिरलेले बदाम १५० ग्रॅम, बारीक तुकडे केलेलं चॉकलेट १५० ग्रॅम. ग्लुकोजमुळे साखर पुन्हा दाणेदार होत नाही, ते वगळू नका. ट्रेला बटर पेपर आधीच लावून ठेवा. नंतर हात रिकामा नसतो.

जाड बुडाच्या पातेल्यात बदाम आणि चॉकलेट सोडून बाकी सगळं मंद आचेवर वितळवा, मग आच मध्यम करा आणि एकसारखं ढवळत राहा. पाणी उडून जाईपर्यंत आकडा ११०च्या आसपास रेंगाळतो. इथेच कंटाळून लोक गॅस मोठा करतात, आणि इथेच घात होतो. बटर सुटून कडेला तेलासारखं तरंगायला लागतं. तसं झालंच तर आच कमी करा, चमचाभर कडकडीत पाणी सांभाळून घाला (उडतं!) आणि ढवळत राहा, लवकर लक्षात आलं तर बहुतेकदा मिश्रण पुन्हा एकजीव होतं. १३० नंतर मात्र आकडा पळतो. तेव्हा फोन उचलू नका. १४९ला पातेलं उतरवा, रंग बदामाच्या सालीसारखा झालेला असेल. खात्री हवी असेल तर पाकाचा एक थेंब वाटीभर गार पाण्यात टाका: कडकन तुटला पाहिजे. वाकला तर अजून थोडं शिजवा.

निम्मे बदाम मिसळून लगेच ट्रेमध्ये ओता. बोट लावून चव बघायचा मोह आवरा. हा पाक कातडीला चिकटून राहतो आणि उकळत्या पाण्यापेक्षा खोल भाजतो. भाजलंच तर वीस मिनिटं नळाच्या गार पाण्याखाली धरा.

वर तूपकट ओल दिसली तर टिश्यूने टिपून घ्या, नाहीतर चॉकलेटचा थर पापुद्र्यासारखा सुटून येईल. टॉफी गरम असतानाच चॉकलेट पसरा, पाच मिनिटं झाकून ठेवा, मग उलथन्याने सारखं करा आणि उरलेले बदाम दाबा. चार दिवसांनी वर पांढरट छटा आली तर ती बुरशी नव्हे, चॉकलेटमधलं कोकोबटर वर आलेलं असतं. खायला हरकत नाही. कंपाउंड चॉकलेटला (ज्यात कोकोबटरऐवजी दुसरी वनस्पती-चरबी असते) सहसा असं होत नाही. आम्ही दोन्ही विकतो, पण कंपाउंडची चव मेणचट लागते, हे मान्य करायला हवं.

हवा दमट असेल तर बेत पुढे ढकला. टॉफी ओल ओढून चिकट होते. पूर्ण गार झाल्यावर तुकडे करून हवाबंद डब्यात ठेवा.

पातेलं घासत बसू नका, त्यात पाणी घालून उकळा, साखर आपोआप विरघळते. थर्मामीटर मात्र गरम असताना गार पाण्यात घालू नका. तशी तडकलेली काच आम्ही बदलून देत नाही.