सेलेरीच्या बियांपासून सलाईनपर्यंत

मेंदूच्या धमनीत गुठळी अडकली, म्हणजे पक्षाघाताचा झटका आला, की त्या भागाचा गाभा काही मिनिटांतच मरतो. भोवतीच्या पेशी मात्र अपुऱ्या रक्तावर काही तास तग धरतात. या पट्ट्याला १९७०च्या दशकाच्या अखेरीस 'पेनम्ब्रा' हे नाव मिळालं आणि तो वाचवणाऱ्या औषधाचा शोध सुरू झाला. २००६ मध्ये मोजदाद झाली तेव्हा तपासलेल्या उपायांची संख्या १,०२६ भरली, पण रुग्णाच्या उपयोगाला जवळजवळ काहीच आलं नव्हतं. याचं एक कारण असं: प्रयोगातला उंदीर तरुण आणि निरोगी असतो. त्याच्या धमनीत दोरा सरकवून ठरल्या क्षणी रक्त थांबवतात आणि औषधही लगेच, कधी आधीच देतात. रुग्णाला बहुधा वय, रक्तदाब आणि मधुमेह असतो, शिवाय इस्पितळ गाठेपर्यंत तास उलटलेले असतात.

वनस्पतींसारख्या नैसर्गिक पदार्थांच्या अर्कांची अडचण याहून मोठी, कारण मिश्रणातलं नेमकं काय काम करतं हेच कळत नाही. ९ वनस्पतिजन्य आणि ५ प्राणिजन्य घटकांचं 'एमएलसी६०१' आशियातल्या १,१०० रुग्णांना ७२ तासांच्या आत सुरू करून तीन महिने दिलं. २०१३ मध्ये निकाल आला: तुलनेसाठी दिलेल्या, औषध नसलेल्या बनावट गोळीपेक्षा ठोस फरक नाही.

चीनमध्ये वेगळी वाट धरली गेली. ओव्याच्या कुळातल्या सेलेरीच्या बियांतून ब्युटिलफ्थॅलाइड हा एकच तेलकट रेणू वेगळा काढला आणि पुढे तो कृत्रिमरीत्या बनवला. २००२ मध्ये त्याला तिथे परवानगी मिळाली. कसून चाचणी व्हायला मात्र आणखी वीस वर्षं गेली, आणि आमच्या मते हा उशीर फार झाला. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १,२१६ रुग्ण होते. सगळ्यांवर गुठळी विरघळवण्याचे किंवा काढण्याचे उपचार झाले होते आणि औषध ६ तासांच्या आत सुरू केलं होतं. ९० दिवसांनी चांगली सुधारणा ५६.७ टक्के रुग्णांत दिसली, बनावट औषधाच्या गटात ४४ टक्क्यांत. म्हणजे हे गुठळीच्या उपचाराला दिलेली जोड आहे, त्याचा पर्याय नव्हे.

मात्रा अशी: २५ मिलिग्रॅम सलाईनमधून दिवसातून दोनदा, १४ दिवस, नंतर कॅप्सूल. नळी पीव्हीसीची असेल तर ती औषध शोषून घेते आणि मात्रा कमी पडते, म्हणून पॉलिएथिलीनचीच वापरावी लागते.

बियांचा काढा करून हे साधत नाही, कारण हा रेणू पाण्यात नीट उतरत नाही. शिवाय झटका आलेल्याला गिळता येईलच असं नसतं. तोंडात घातलेला काढा श्वासनलिकेत जाऊ शकतो आणि त्यातून न्यूमोनिया होऊ शकतो.